भिंतीचा खरा रंग

रुपालीने पाकीट टेबलावर टाकलं आणि हात असा मागे घेतला, जसं आतून काहीतरी चावणारच होतं.

"उघड की," सुनीतीबाई म्हणाल्या. "बंद पाकिटातलं मला दिसत असतं, तर मी रस्त्यावर पोपट घेऊन बसले असते."

"मला ते परत बघायचं नाहीये, मॅडम."

आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच राग आला. ही पोरगी अशी नव्हती. वाशिमहून एकटी पुण्यात आलेली, हडपसरच्या आयटी पार्कात कस्टमर सपोर्टला लागलेली. दिवसभर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन वर त्यांनाच थँक्यू म्हणणारी. धायरीत वन आरके भाड्याने घेऊन राहायची, तेही मजेत. आता मात्र खाली शनिपाराच्या चौकात रिक्षावाल्याने हॉर्न मारला तरी ती खुर्चीतून उडत होती.

पाकीट शेवटी उत्तरेश्वरने उघडलं. उत्तरेश्वर म्हणजे सुनीतीबाईंचा कामातला जोडीदार, निवृत्त हवालदार. अंगाने दाराएवढा, डोक्याने जरा सावकाश. बाई चौकशीची कामं घ्यायच्या, बहुतेक लग्नाआधीची. उत्तरेश्वर सोबत असला की लोक खरं बोलायचे, एवढाच त्याचा उपयोग, असं बाई त्याच्या तोंडावर सांगायच्या.

आत तीन फोटो होते.

पहिला, रुपालीच्या बंद दाराचा. दुसरा, गॅलरीत कपडे वाळत घालणारी रुपाली, खालून रस्त्यावरून काढलेला. दोन्ही दाराखालून आत सरकवलेले.

तिसरा उत्तरेश्वरने उचलला आणि तसाच खाली ठेवला.

तिसऱ्यात रुपाली झोपलेली होती. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर. गालाखाली हात, तोंड जरासं उघडं, चेहरा अगदी स्वच्छ. फोटो काढणारा दोन पावलांवर उभा असणार.

"दुसऱ्या फोटोनंतर वॉचमन काका जिन्यात बसायला लागले," रुपाली म्हणाली. "म्हणून हा ईमेलवर आला. नाव नसलेल्या अकाउंटवरून. खाली एकच ओळ, 'कडी लावून उपयोग नाही.' पोलिसांना दाखवायला मीच कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिंट काढला. ते म्हणाले, अर्ज ठेवून जा."

"आणि कडी होती?"

"वरची, खालची, दोन्ही! आतून! घरात असले की दोन्ही लावते मी, दिवस असो की रात्र!"

"मग तो आत आला कुठून?" उत्तरेश्वरने विचारलं.

"तेच विचारायला आले ना काका मी इथे!"

बाईंनी चष्मा लावला. उत्तरेश्वर मान वाकडी करून फोटोकडे बघत होता. "रात्रीचा आहे. बघा ना, कसा निळा उजेड. ट्यूबलाइट. सगळे झोपल्यावर शिरलाय कुणीतरी."

पोलीस तेच म्हणाले होते. वॉचमन, शेजारी, सगळे तेच म्हणाले होते. खोली निळसर, अंधारी, भिंत मेलेल्या माणसासारखी. रात्र नाही तर काय?

बाईंनी तिन्ही फोटो एका रांगेत लावले आणि बघत बसल्या.

"घरी माहीत आहे?"

"दादाला सांगितलं. सूरजदादा. इथेच पुण्यात, मांजरीला राहतो, कंपनीत नाईट शिफ्टला आहे. त्याने आईला सांगितलं आणि तिकडे रडारड. उद्या शनिवारी दादा मला गावी घेऊन जाणार. राजीनामा लिहून ठेव म्हणाला."

"लिहिलास?"

"ड्राफ्टमध्ये आहे."

"गावी जाऊन काय करणार?"

"लग्न. मुलगा बघून ठेवलाय, मी वर्षभर नाही म्हणतेय. त्याच घरातली सत्यशीला दादाला द्यायची आहे. आई म्हणते, दोन्ही एकाच मांडवात उरकू." तिने ओढणीचं टोक मुठीत आवळलं. "मला जायचं नाहीये, मॅडम. एकदा गेले की परत येणार नाही, माहितीये मला. पण त्या खोलीत अजून एक रात्र काढली तर मी वेडी होईन."

"वेड लागायला वेळ आहे," सुनीतीबाई उठल्या. "उत्तरेश्वर, स्कूटर काढा. आणि ते शेंगदाणे इथेच ठेवा, मागच्या वेळी पुराव्यात सापडले होते."

*

धायरीतली बिल्डिंग तीन मजली. मागे ओढा, ओढ्यात पाणी कमी आणि डास जास्त. रुपालीची खोली दुसऱ्या मजल्यावर.

खोली काय, एक पलंग, एक कपाट, पलीकडे ओटा. भिंती साईच्या रंगाच्या. खिडकीला मोहरीच्या रंगाचा जाड पडदा. पलंगावर काठ्यांना गुंडाळून ठेवलेली मच्छरदाणी.

"रोज लावतेस?" बाईंनी जाळीला बोट लावलं.

"नाही लावली तर सकाळी रक्त संपलेलं असेल. चारी बाजू गादीखाली खोचून झोपते." ती थांबली. "झोपते कसली. जाळीतून बाहेरचं धड दिसत नाही ना. सारखं वाटतं, पलीकडे कुणीतरी उभं आहे. श्वास रोखून ऐकत पडते."

बाई कपाटावरच्या फ्रेमकडे वळल्या. साखरपुड्याचा घोळका, मधे एक बाई. "ही आई?"

"हो. चुलतबहिणीच्या साखरपुड्यात. दादाने दिवाळीनंतर प्रिंट काढून दिला. त्याला नाद आहे, कुठलाही फोटो हात फिरवल्याशिवाय पुढे पाठवत नाही. त्यात आई आजारी दिसते, नाही?"

"होत्या का आजारी?"

"छे. तीन वाट्या बासुंदी प्यायली होती."

"या खोलीच्या किल्ल्या किती?"

"एक माझ्याकडे, एक मालकांकडे. पण कडी आतून असल्यावर किल्ली काय कामाची?"

"प्रश्न बरा आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्याकडून हे म्हणजे कौतुकच.

*

पहिला सीताराम, वॉचमन. साठीचा म्हातारा, जिन्याखाली खाट टाकून राहायचा. रात्रीचा पहारा त्याचाच, म्हणून बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांनी त्याला आधीच चोर ठरवून टाकलं होतं. दोन दिवस त्याला कुणी चहासुद्धा विचारला नव्हता.

"बाहेरचं कुणीबी आलं न्हाई, बाई. म्या डोळ्याला डोळा लावला न्हाई."

बाईंनी तो फोटो रुपालीकडून सगळ्यांना पाठवायला लावला होता. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे वाटेत त्याच्यात काही बदल व्हायला नको. "तुमच्या मोबाइलवर उघडा."

सीतारामने फोटो उघडला, बघितला आणि स्क्रीनवर तळवाच ठेवला. "लेकीसारखी हाय ती. आसलं मला नगा दाखवू."

त्याचा तळवा बाईंनी हलकेच बाजूला केला. तडा गेलेली स्वस्तातली स्क्रीन. तिच्यात सगळंच शेवाळलेलं दिसत होतं, भिंत हिरवट-निळी.

दुसरा समर्थ, समोरच्या फ्लॅटमधला. लग्नांचे फोटो काढायचा. गेल्या महिन्यात त्याने रुपालीला कॉफीला विचारलं होतं आणि तिने तोंडावर नाही म्हटलं होतं. दार उघडताच तो भडकला.

"कॅमेरा माझ्याकडे आहे म्हणून मीच का? आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, बाई! या, बघा माझा कॉम्प्युटर. काय सापडतंय ते बघा!"

"ओरडू नका, उत्तरेश्वर घाबरतात," बाई म्हणाल्या. "फक्त हा फोटो तुमच्या स्क्रीनवर लावा."

समर्थने लावला. मोठी स्क्रीन, दर महिन्याला यंत्र लावून रंग तपासलेली. तिच्यावर रुपालीचा झोपलेला चेहरा केवढा मोठा दिसला. रुपाली दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

"श्या!" समर्थचा आवाज एकदम बदलला, धंद्याचा झाला. "किती निळा मारलाय. माझ्याकडून असा प्रिंट गेला तर नवरीचा बाप अल्बम माझ्या डोक्यात घालेल."

"असं का होतं?"

"शंभर कारणं. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद टाकत नाही, म्हणून मोबाइलवर झकास दिसणारा फोटो कागदावर अंधारा येतो. प्रत्येक स्क्रीनचा पांढरा वेगळा. आणि फाइलमध्ये रंगांसोबत एक सूचना असते, प्रोफाइल म्हणतात. हे रंग कसे वाचायचे, ते त्यात असतं. एक सॉफ्टवेअर ती वाचतं, दुसरं वाचत नाही. मग तोच फोटो इथे लालबुंद, तिथे मरतुकडा."

"म्हणजे ती सूचना हरवली असेल?" उत्तरेश्वरने विचारलं.

"नाही हो काका. ती हरवली तर रंग फिके पडतात. हे फिकं नाही, निळं आहे. हे कुणीतरी हाताने केलंय."

"हे दोन बघा." बाईंनी दाराचा आणि गॅलरीचा प्रिंट पुढे केला.

समर्थने ते दिव्याखाली धरले. "हेही तसेच. तेवढेच निळे. आयला... पॅसेजमध्ये तर पिवळा बल्ब आहे."

बाईंनी नुसतं हं केलं.

तिसरा गंधार, मालकाचा मुलगा. मालक गोपाळकृष्ण सदाशिव पेठेत राहायचे, भाडं घ्यायला गंधार यायचा. दुसरी किल्ली त्याच्या गाडीच्या जुडग्यात होती.

"हे बघा मॅडम, मी ऑफिसमधून डायरेक्ट आलोय. आमच्या प्रॉपर्टीचं नाव खराब होतंय. मुलगी सोडून जात असेल तर आमचा काही इश्यू नाही, डिपॉझिट देऊन टाकू."

"किती हो काळजी," बाई म्हणाल्या. "फोटो उघडा."

गंधारचा मोबाइल भारीतला. त्याच्यावर सगळं चकचकीत, रुपालीची लाल चादर जांभळी, भिंत बर्फासारखी निळी.

"स्कॅरी आहे," तो पुटपुटला. पहिल्यांदा त्याच्या आवाजात माणूस ऐकू आला.

तेवढ्यात खाली आरडाओरडा झाला. सूरज आला होता आणि त्याने सीतारामची कॉलर धरली होती.

"बोल! किती दिवस चालू हाय हे? रात्री तूच असतो ना इथं? बोल, नाहीतर गाडून टाकीन!"

एक थप्पड बसलीच. म्हातारा भिंतीला टेकून मटकन खाली बसला. उत्तरेश्वरने मधे नुसता हात घातला तेव्हा सूरज थांबला. डोळे लाल, रात्रपाळीने सुजलेले. तो ते सारखे चोळत होता.

"दादा, नको ना..." रुपाली त्याच्या दंडाला बिलगली. तो आला की तिला धीर यायचा. लहानपणापासूनचं ते.

"काहून घाबरून राहिली? मी हाव ना. उद्या आपण गाडीत, संपला विषय."

"तुम्हाला फोटो मिळाला?" बाईंनी विचारलं.

"मिळाला न. हे काय." त्याने मोबाइल काढून समोर धरला.

रुपालीची नजर गेली आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आतापर्यंत ज्या ज्या स्क्रीनवर तिने हा फोटो पाहिला होता, तिथे ती खोली कुण्या दुसऱ्याच बाईची वाटायची, स्वप्नातली. दादाच्या हातात ती तिचीच खोली होती. भिंत तिची, चादर तिची. पहिल्यांदाच तिला पटलं की कुणीतरी खरंच इथे उभं होतं.

तिने तोंड फिरवलं.

सुनीतीबाईंनी मात्र फिरवलं नाही.

*

त्या रात्री बाईंनी तिला स्वतःच्या घरी नेलं. "घोरत असशील तर आधीच सांग," एवढंच म्हणाल्या. झोपताना त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"दुपारी कधी झोपतेस?"

"मी? ऑफिस असतं. मागच्या रविवारी झोपले होते फक्त. दादा आला होता, सावजी मटण केलं होतं मी. खाऊन डोळे मिटायलाच लागले."

बाईंनी दिवा बंद केला.

सकाळी मोबाइल थरथरला. त्याच अकाउंटवरून. फोटो नव्हता, फक्त ओळ.

'आता फोटो नाही. आता समोर येईन.'

चहाचा कप रुपालीच्या हातातून सुटला. ओठ पांढरे पडले. "मी जाते गावी. मॅडम, मी राजीनामा पाठवते, मी जाते, मला नाही राहायचं..." अंगठा थेट ड्राफ्टवर गेला.

बाईंनी तो अंगठा धरला. घट्ट.

"पाच वाजेपर्यंत थांब. मग हवं तर मी स्वतः तुला गाडीत बसवते, खिडकीची जागा बघून."

*

पाच वाजता त्या एवढ्याशा खोलीत सातजण. सूरज बॅगा घेऊनच आला होता. समर्थ दाराला टेकून, गंधार घड्याळ बघत. सीताराम आत यायलाच तयार नव्हता, त्याला बाईंनी हाताला धरून आणून खुर्चीवर बसवलं.

रुपाली ओट्याजवळ उभी होती. 'समोर येईन.' म्हणजे यातला एकजण. ती एकेक चेहरा बघत होती आणि एकाही चेहऱ्यावर नजर टिकत नव्हती.

"सगळ्यांनी तो फोटो उघडायचा आणि मोबाइल पलंगावर आडवा ठेवायचा," बाई म्हणाल्या. "उजेड फुल करा. बाकी कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही."

"हे काय नाटक?" सूरज म्हणाला. "आमची गाडी हाय."

"नाटकच समजा. तिकीट नाही, बसा."

सहा मोबाइल पलंगावर आले. सहा वेळा झोपलेली रुपाली.

"उत्तरेश्वर, समोरची भिंत बघा. आता मला सांगा, या सहांपैकी कशावर ही भिंत आहे?"

उत्तरेश्वर वाकला. एक हिरवट. एक बर्फासारखी. दोन निळसर. स्वतःचा मोबाइल, तोही निळाच. मग त्याचं जाड बोट हळूहळू पुढे सरकलं आणि शेवटच्या मोबाइलवर थांबलं.

"ही. ही साईच्या रंगाची आहे. हुबेहूब."

"कुणाचा आहे?"

रुपालीला कळत होतं कुणाचा आहे. तिला कळायला नको होतं.

"बरं, मी सांगते," बाई म्हणाल्या. "आपण सगळे एका गोष्टीला फसलो. फोटो निळा, म्हणून रात्र. रात्र, म्हणून बंद कडीतून शिरलेला माणूस. म्हणून बिचारा सीताराम. पण तीन फोटो शेजारी ठेवा. दार आहे पिवळ्या बल्बखाली, गॅलरी आहे सकाळच्या उन्हात आणि ही खोली. तीन ठिकाणं, तीन उजेड, निळा मात्र एकच. मग तो निळा उजेडाचा नाही. छपाईचाही नाही, कारण तिसरा प्रिंट हिने वेगळ्या दुकानातून काढला आणि स्क्रीनवरही तो निळाच आहे. समर्थ म्हणाला ते बरोबर, हे हाताने केलंय. फक्त करणाऱ्याला ते निळं दिसलंच नाही."

"दिसलं नाही म्हणजे?" उत्तरेश्वर.

"मोबाइलमध्ये डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून एक सोय असते. स्क्रीन पिवळट होते. रात्रपाळीची माणसं ती लावतात आणि विसरून जातात, डोळे सरावतात. पण अशा स्क्रीनवर फोटो ठीक करायला बसलात, तर तुम्ही पिवळं काढत राहता, काढत राहता. तुमच्या डोळ्यांपुढे फोटो बरोबर होतो. फाइलमध्ये मात्र तो निळा होऊन बसतो आणि बाकी सगळ्या जगाला निळाच दिसतो. असा फोटो बरोबर दिसतो फक्त एका जागी. जिथे तो बनवला, तिथे."

सूरज हसला. कोरडं. "अहो, डोळे दुखतात म्हणून लावलं हाय ते. हजार लोकं लावतात."

"हजार लोकं लावतात, खरंय," बाई म्हणाल्या. "म्हणून नुसत्या तेवढ्यावर मी बोलले नसते. हा फोटो परत बघा. रंग विसरा. काय नाहीये त्यात?"

उत्तर रुपालीच्याच तोंडून आलं, इतकं हळू की समर्थला पुढे यावं लागलं.

"मच्छरदाणी."

"ही मुलगी रात्री जाळीशिवाय झोपत नाही. जाळीतून चेहरा एवढा स्वच्छ येत नाही. म्हणजे हा फोटो दुपारचा. खिडकीला मोहरीच्या रंगाचा पडदा, त्यातून ऊन आलं की सगळी खोली पिवळीधमक. ते पिवळं ज्याने काढलं, त्याला दुपारची रात्र करायची होती. आणि कडी? कडी होतीच. कुणी आत शिरलंच नाही. ही झोपली तेव्हा तो आतच होता. दुपारची ही एकदाच झोपली, मागच्या रविवारी. जेवण करून. घरात कोण होतं?"

रुपालीने ओट्याची कड धरली.

"सीतारामांनी 'बाहेरचं कुणी आलं नाही' असं सांगितलं तेही खरंच. भाऊ बाहेरचा नसतो. तो जिना चढला तर कोण विचारणार? आणि तो आईचा फोटो." बाईंनी कपाटाकडे बोट केलं. "तीन वाट्या बासुंदी प्यायलेली बाई निळी पडत नाही. तोही याच मोबाइलवर ठीक केलेला."

"काहीही बोलून राहिल्या तुम्ही!" सूरज उठला. "माझी बहीण हाय ती! मी तिले..."

बाईंनी त्याचं बोलणं ऐकूनच घेतलं नाही. वाकून त्याच्या मोबाइलवर बोट वरून खाली ओढलं आणि एक चौकोन दाबला. पिवळट पडदा उडाला. साईची भिंत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निळी झाली.

सूरज त्या फोटोकडे बघतच राहिला. खरोखर चकित होऊन. तोंडातून निघून गेलं, "अरे... असा नव्हता हा."

"कसा होता?" उत्तरेश्वरने विचारलं.

एवढा साधा प्रश्न. सूरज उभा होता तो खाली बसला आणि हातात डोकं धरलं.

"ते लोकं म्हणत होते, तुमची पोरगी येत नसंल तर आमची बी देत नाही. साटंलोटं हाय, दोन्ही नाहीतर एकही नाही. दोन वर्षं झाली सत्यशीलेचं नि माझं ठरून. ही ऐकतच नव्हती. समजावून, भांडून, सगळं झालं. मले वाटलं घाबरली की आपणहून येईन. मी काही करणार होतो का तिले? आपल्याच माणसाले कोणी काही करते का?"

सीताराम हळूच उठला आणि जाऊन दाराबाहेर उभा राहिला. त्याला तिथे थांबवेना.

रुपालीला वाटलं होतं, नाव कळलं की भीती जाईल. ती गेली नाही, नुसती जवळ आली. तिच्या डोळ्यांपुढे रविवारची दुपार होती. ताटातलं शेवटचं मटण तिने त्यालाच वाढलं होतं. मग तिला झोप लागली आणि तो तिच्या डोक्याशी उभा राहिला. किती वेळ? कितीदा वाकला असेल? चेहरा बरोबर येईपर्यंत?

"तू घरात होतास म्हणून मी झोपले, दादा," ती म्हणाली. "नाहीतर मी झोपत नाही दुपारची."



"पोलिसांत जायचं का?" बाईंनी विचारलं. या वेळी आवाजात टोमणा नव्हता. "तुझा निर्णय. ईमेल त्याचंच आहे हे त्यांना काढता येईल."

"रुपे, नको," सूरज घाईने म्हणाला. "आणि आईले सांगू नको. तिचा जीव जाईन."

तिने पलंगावरून स्वतःचा मोबाइल उचलला, ड्राफ्टमधला राजीनामा उघडला आणि पुसून टाकला. मग सूरजचा मोबाइल त्याच्या पुढ्यात धरला.

"पोलिसांचं मी रात्री ठरवीन. आईला मी सांगणार नाही. तू सांगशील. आत्ता, स्पीकरवर. आधी आईला आणि मग बाहेर जाऊन वॉचमन काकांना."

"रुपे..."

"लाव!"

समर्थ दचकला. गंधारने घड्याळ बघायचं सोडलं. एवढ्या दिवसांत तिचा खरा आवाज कुणी ऐकलाच नव्हता.

सूरजने नंबर लावला. दोनच रिंगा गेल्या.

"निघाले का बाप्पा?" आईचा आवाज खोलीभर घुमला. "गाडी भेटली न? पोरगी बरी हाय का? लय घाबरली असंन माहं लेकरू. त्या मेल्याचा पत्ता लागला का रे?"

सूरजने रुपालीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दारात उत्तरेश्वर उभा होता.

"हॅलो? सूरज? बोल न, काऊन बोलत नाही?"

कितीतरी दिवसांनी त्या खोलीत घाबरलेलं माणूस दुसरंच कुणीतरी होतं.